गाडी जुनी की हिशेब कच्चा?

(तृतीय वर्ष वाणिज्य)

आमच्या वर्गात एखाद्याने नवी मोटारसायकल आणली की दोन भाषांत एकच प्रश्न विचारला जातो. मराठी मुले विचारतात, "किती आव्हरेज देते?" आणि कन्नड मुले विचारतात, "एष्ट कोडतद?" मी घरी वडिलांशी कन्नड व आईशी मराठी बोलते, म्हणून दोन्हीकडची उत्तरे माझ्या कानावर पडतात. ती उत्तरे ऐकून मला नेहमी एक शंका येते. हा आकडा कोणी कधी मोजला आहे काय? पन्नास म्हणणाऱ्याला खोदून विचारावे, तर तो सांगतो की दुकानदाराने पन्नास सांगितले होते.

हा विषय वाणिज्याच्या मुलीने का घ्यावा, असे काही प्राध्यापकांना वाटेल. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजोळी जे पाहिले त्यामुळे घ्यावासा वाटला. माझे आजोळ मोहगाव, म्हणजे मध्य प्रदेशातील सौंसरजवळचे मोहगाव हवेली. तेथील अर्धनारीश्वराचे देऊळ प्रसिद्ध आहे. पूर्वी हा मुलूख छिंदवाडा जिल्ह्यात होता. ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात आहे. राज्य हिंदीचे, बोली मराठी, दवाखाना आणि बाजार नागपूरचा. तेव्हा सोलापूरच्या माणसाला तेथे फारसे परके वाटत नाही. आपलाही एक पाय एका भाषेत आणि दुसरा दुसरीत असतोच.

मामांची संत्र्याची बाग आहे आणि अंगणात १९९८ सालची पांढरी मारुती ८०० आहे, कार्बोरेटरची. ज्या गाडीची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी दिली गेली आणि जिचे उत्पादन २०१४ साली थांबले, तिचीच ही एक बहीण. आजोबांचे वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे व नागपूरला जाऊन ठरलेल्या तारखांना डोळ्यात इंजेक्शन घ्यावे लागते. तारीख चुकली की दृष्टी उतरते, आणि उतरलेली परत येईलच असे नसते. मी पोचले त्या संध्याकाळी कळले की सप्टेंबरची तारीख चुकली होती. आजोबाच नको म्हणाले होते. कारण विचारले तर म्हणाले, "एका फेरीले दीड हजाराचं पेट्रोल लागते, बाई. एका डोळ्यानं बी दिसतेच की."

मामांचे म्हणणे निराळे नव्हते. "ह्या गाडीले आता टाकी नाही, विहीरच पायजे," असे ते हसत म्हणाले, पण ते हसणे खरे नव्हते. पूर्वी सातसव्वासातशे रुपयांत नागपूरची फेरी होत असे, आता चौदाशेच्या वर जाते. खर्च दुप्पट झाला, म्हणजे गाडी दुप्पट पिऊ लागली, असा त्यांचा हिशेब. शेजारचे एक गृहस्थ म्हणत, सगळा दोष इथेनॉलचा. गावातला एक मिस्त्री म्हणे, इंजिन बसले, बांधायला पंचवीस हजार. आणि मामांच्या मनात होते की भंगारात देऊन टाकावी व चार लाखांचे कर्ज काढून नवी घ्यावी. बस आहे, पण सौंसरला बदलावी लागते, आणि डोळ्यावर पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्या माणसाला गर्दीतून कसे आणायचे?

मतांची एवढी गर्दी झाली होती. आकडा मात्र एकही नव्हता. आम्हाला परिव्यय लेखांकनात शिकवतात की खर्च वाढला तर आधी दोन प्रश्न विचारावेत. भाव वाढला की वापर वाढला? परीक्षेत या प्रश्नाला आठ गुण असतात, त्यामुळे तो आम्ही पाठ करतो. तो मामांच्या अंगणात लावून पाहावा असे वाटले. सुदैवाने मामांना डायरी लिहायची सवय आहे. २०२० सालच्या सुरुवातीच्या एका पानावर संत्र्याच्या पेट्यांच्या हिशेबाखाली "नागपूर जाणे-येणे, पेट्रोल ९.१ लिटर, रु. ७२८" अशी नोंद सापडली. म्हणजे लिटरला ऐंशी रुपये. ही फेरी सुमारे दीडशे किलोमीटरची. तेव्हा गाडी लिटरला साडेसोळा किलोमीटर देत होती.

मग आजची मोजणी. ती कशी करावी हे सांगते, कारण अनेकजण येथेच चुकतात. पाचशेचे पेट्रोल टाकून काटा पाहणे ही मोजणी नव्हे. टाकी भरायची, पंपाची नळी आपोआप बंद होते तेथे थांबायचे, वर थेंबथेंब ओतायचे नाही, आणि गाडीच्या मीटरचा आकडा लिहून घ्यायचा. नेहमीप्रमाणे गाडी चालवून त्याच पंपावर, शक्यतो त्याच नळीने, पुन्हा तेथपर्यंतच भरायची. दुसऱ्यांदा जितके लिटर बसले तितके आपण जाळले. मधले किलोमीटर भागिले ते लिटर. गाडीचा मीटरही तपासावा; आम्ही नागपूर रस्त्यावरच्या दहा दगडांशी ताडून पाहिला, बरोबर निघाला. पहिल्या मोजणीत १५२ किलोमीटरला १३.६ लिटर बसले. म्हणजे लिटरला ११.२.

आता आठ गुणांचा प्रश्न. पेट्रोलचा भाव मी १०७ रुपये धरला. दीडशे किलोमीटरच्या फेरीला १३.४ लिटर, म्हणजे रु. १,४३४. जुन्या फेरीपेक्षा रु. ७०६ जास्त. यांपैकी ९.१ लिटरवर २७ रुपयांची भाववाढ, म्हणजे रु. २४६, यात गाडीचा काडीचा दोष नाही. उरलेले रु. ४६० हे ४.३ लिटर जास्त जळल्याचे. मामांना हे वहीवर मांडून दाखवले तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले. गाडीवर जो राग होता त्यातला तिसरा हिस्सा तिचा नव्हताच. पण दोन हिस्से होते, हेही खरे. केवळ महागाई म्हणून सोडून देता येईना.

इथेनॉलचे काय? हा प्रश्न आपल्या जिल्ह्याशीही जवळचा आहे, कारण सोलापूर जिल्ह्यात उसाचे एवढे कारखाने आहेत. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश उष्णता असते. वीस टक्के मिसळले तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत उष्णता सुमारे सात टक्के कमी होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या व दहा टक्के मिश्रणाला जुळवलेल्या मोटारींत वीस टक्क्यांच्या मिश्रणाने सहा ते सात टक्के घट होईल असे म्हटले होते. म्हणजे साडेसोळा देणारी गाडी साडेपंधरा-सव्वापंधरावर यावी. ती अकरावर येण्याचे कारण इथेनॉल होऊ शकत नाही. शेजारच्या गृहस्थांना हे पटले नाही. त्यांना एकच शत्रू हवा होता.

पण येथे माझीही एक तक्रार आहे. उष्णता सात टक्के कमी असलेला माल त्याच भावाने विकायचा आणि जुन्या गाडीच्या मालकाला दुसरा पर्यायच ठेवायचा नाही, हे ग्राहकाच्या दृष्टीने न्याय्य नाही. शुद्ध पेट्रोलचाही पर्याय पंपावर असावा अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. उसाच्या शेतकऱ्याला भाव मिळावा हे मान्य, परकीय चलन वाचावे हेही मान्य. पण संत्र्याच्या शेतकऱ्याने त्याचा भार मुकाट्याने का उचलावा? शिवाय जुन्या गाडीतील रबरी नळ्या इथेनॉलला टिकतील अशा बनवलेल्या नसतात. मामांच्या गाडीत पेट्रोल पंपाजवळची नळी ओलसर दिसली, बोटाला वास आला. ती पहिल्या दिवशीच बदलली, कारण तेथे प्रश्न आव्हरेजचा नसून आगीचा होता. असो.

आता उरलेल्या चोरीचा शोध. मी गाडी दुरुस्त करणारी नव्हे. पण सौंसरला एक वयस्कर मिस्त्री भेटले, त्यांनी प्रत्येक गोष्ट दाखवून सांगितली. आधी त्यांनी मामांना एक अट घातली. सगळे एकदम बदलायचे नाही. एक काम करायचे, मोजायचे, मग दुसरे. हे ऐकून मला आमच्या सांख्यिकीच्या तासाची आठवण झाली. बहुतेक ठिकाणी गाडी सोडली की संध्याकाळी आठ-दहा वस्तूंचे बिल हाती पडते. दोष नेमका कोणता होता हे मालकालाही कळत नाही आणि दुरुस्त करणाऱ्यालाही.

पहिला दोष त्यांनी बॉनेट न उघडताच काढला. सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मला ढकलायला सांगितली. मारुती ८०० चे वजन सहा-साडेसहाशे किलो. एका माणसाच्या जोराने ती सरकायला हवी. ती हलेना. मग थोडे अंतर चालवून आणून चारही चाकांजवळ हात नेला. मागचे डावे चाक तापलेले होते. जॅकवर उचलले तर हाताने फिरताना घासत होते. हँडब्रेकची तार गंजून अडकली होती; लिव्हर खाली टाकले तरी ब्रेक पुरता सुटत नव्हता. दोष मामांचाच. गाडी पावसाळाभर अंगणात हँडब्रेक ओढून उभी होती. पूर्वी आजोबा चाकामागे दगड लावत. ते जुनाट म्हणून मामांनी बंद केले होते. आजोबा हे ऐकून काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी तोच दगड अंगणात आणून ठेवलेला दिसला.

टायरमधली हवाही कमी होती. गावात हवा अंगठ्याने दाबून तपासतात, आणि अंगठ्याचे माप माणसागणिक बदलते. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याप्रमाणे, टायर थंड असताना, मापकाने हवा भरली. टपावर पेट्यांसाठी बसवलेला कॅरिअर वर्षभर रिकामाच वारा कापत फिरत होता, तोही काढून ठेवला. या साऱ्याला खर्च आला रु. ५७०, नळीसकट. पुढच्या फेरीत आकडा आला १३.१.

इथपर्यंत इंजिनाला कोणी हात लावला नव्हता, हे ध्यानात घ्यावे. पंचवीस हजार मागणाऱ्याने चाकाला हात लावून पाहिले नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात प्लग काढले. तीन सिलिंडरचे तीन प्लग, तिन्ही काजळीने काळे. मिस्त्री म्हणाले, प्लग ही गाडीची जीभ. तिचा रंग फिका तपकिरी असावा. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. का, ते शोधायचे. हवेचा फिल्टर बागेतल्या धुळीने असा भरला होता की उजेडात धरला तरी आरपार दिसेना. आणि खरा चोर निघाला चोकची तार. सकाळी थंड इंजिन सुरू करताना चोक ओढतात, त्याने हवा कमी होऊन मिश्रण घट्ट होते; नंतर तो आत ढकलायचा असतो. मामा ढकलत होतेच, पण तार आत वाकल्यामुळे कार्बोरेटरची झडप अर्धीच उघडत होती. म्हणजे ही गाडी दिवसभर सकाळच समजून चालत होती. नवे प्लग आणि फिल्टर रु. ७८०, चोकची तार व कार्बोरेटरची सफाई रु. १,०५०. आकडा १४.८.

नवा प्लग काळा झाला म्हणून पुन्हा नवा प्लग टाकणे, असे यापूर्वी दोनदा झाल्याचे मामांनी कबूल केले. थर्मामीटर बदलल्याने ताप उतरत नाही.

शेवटची गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटली. इंजिनाच्या पाण्याच्या वाटेत थर्मोस्टॅट नावाची एक लहान झडप असते. इंजिन पुरेसे तापेपर्यंत ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. नागपूरकडच्या उन्हाळ्यात गाडी तापली की अनेकजण ती झडपच काढून टाकतात, आणि या गाडीतही कोणीतरी ती काढली होती. त्यामुळे गाडी उन्हाळ्यात तापत नसे हे खरे, पण हिवाळ्यात इंजिन कधी पुरते गरमच होत नसे, आणि थंड इंजिन पेट्रोल जास्त खाते. तापण्याचे मूळ कारण गाळ साचलेला रेडिएटर होता, तो कोणी धुतला नव्हता. रेडिएटर धुऊन, झडप आणि नवे कूलंट घालून रु. ७०० सांगितले. हे काम माझी सुट्टी संपल्यावर झाले. एकूण खर्च रु. ३,१००.

मामांचे पुढे कळले ते १५.४. जुन्या साडेसोळापेक्षा एक किलोमीटर कमी. त्यात इथेनॉलचा वाटा असेल, गाडीच्या सत्तावीस वर्षांचाही असेल; तो वेगळा काढण्याचे साधन माझ्यापाशी नाही. मामांच्या पायाचाही थोडा असेल. नागपूरचा रस्ता चांगला झाल्यापासून त्यांना नव्वदने जायची सवय लागली आहे, आणि वेग वाढला की वाऱ्याचा अडथळा त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे शास्त्र शाखेच्या मित्रांना सांगायला नको. पंचेचाळीस ते पंचावन्न ही जुनी शिफारस मामांना मान्य नाही. मी तो वाद सोडून दिला.

आता कर्जाचा हिशेब, कारण तोच खरा निर्णय होता. मामांची गाडी महिन्याला पाचशे किलोमीटर धावते. ११.२ च्या हिशेबाने पेट्रोल रु. ४,७७७, १५.४ च्या हिशेबाने रु. ३,४७४. महिन्याला सुमारे रु. १,३०० वाचले, म्हणजे दुरुस्तीचा खर्च अडीच महिन्यांत निघाला. नवी गाडी रस्त्यावर बावीस देते असे धरू. तिला महिन्याला रु. २,४३२ लागतील. पण चार लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे रु. ८,४०० बसतो. दुरुस्त न केलेल्या गाडीशी तुलना केली तरी पेट्रोलमध्ये महिन्याला साडेतेवीसशेच वाचणार होते. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी घेणे म्हणजे भाजीचा खर्च कमी करण्यासाठी शेत विकत घेण्यासारखे आहे. नवी गाडी जरूर घ्यावी, पण ती हवी आहे म्हणून घ्यावी.

माझ्या विरुद्ध बोलण्यासारखे बरेच आहे, आणि प्रामाणिकपणे ते मांडले पाहिजे. जुन्या गाडीत नव्या गाडीची सुरक्षितता नसते. तिचा धूर नव्या गाडीपेक्षा वाईट असतो. आव्हरेज सुधारल्याने काजळी कमी झाली, पण गाडी नवी झाली नाही. मुंबईत १९९८ ची टॅक्सी चालू ठेवा असे मी म्हणणार नाही. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या; अनेकांना वाईट वाटले, पण वीस वर्षांची मर्यादा गर्दीच्या शहरात समजण्यासारखी आहे. सरकारने २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क दहा हजार रुपये केले आहे. मामांना ते २०२८ साली भरावे लागेल आणि तेव्हा हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. कदाचित उत्तर निराळे येईल. पण महिन्याला पाचशे किलोमीटर चालणारी खेड्यातली गाडी आणि दिवसाला दोनशे किलोमीटर चालणारी शहरातली गाडी यांना एकच माप लावू नये, एवढेच माझे म्हणणे.

आमच्या प्राध्यापकांना एक विनंती. तृतीय वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही मागच्या वर्षीच्या वहीतून एका काल्पनिक कारखान्याचा परिव्यय उतरवून काढतो, हे आपणही जाणता. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या एका वाहनाचा तीन महिन्यांचा हिशेब मांडावा. किलोमीटर, लिटर, भाव, दुरुस्ती, आणि फरकाची कारणे. महाविद्यालयाच्या आवारात रोज शेकडो दुचाकी उभ्या असतात, कच्चा माल तयारच आहे. कंपनीच्या जाहिरातीतला आकडा यंत्राच्या रुळांवर चाचणी घेऊन काढलेला असतो. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील एआरएआय या संस्थेत अशा चाचण्या होतात. आपल्या सात रस्त्यावरचा आकडा आपल्यालाच काढावा लागेल. कन्नड विभागाच्या मित्रांनीही यात यावे. भागाकार दोन्ही भाषांत सारखाच येतो.

सौंसरच्या त्या मिस्त्रींनी शेवटच्या दिवशी मला विचारले की सोलापुरात मुलींना हे शिकवतात काय. मी खरे ते सांगितले, की शिकवतात, पण आकडे दुसऱ्याचे असतात.

नोव्हेंबरच्या शेवटी मामांनी डायरीच्या पानाचा फोटो पाठवला. "नागपूर जाणे-येणे, ९.७ लिटर, रु. १,०३८. बाबांचे इंजेक्शन झाले. पुढची तारीख २६ डिसेंबर." त्याखाली आजोबांच्या मोठ्या, तिरप्या अक्षरात आणखी एक ओळ होती: "हवा भरली."